विश्लेषण : र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले का झाले?

संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून मुंबईत एका प्राध्यापकाला नोकरी गमवावी लागली होती. ते होते रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३).

सुरुवात कशी झाली?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे पुत्र विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले. प्रचार थांबवण्यास नकार दिल्याने नोकरी सुटली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांवरूनही समाजाचा रोष ओढवला.

खटले कशावरून?

१९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मधील खटला वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून होता. तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. विषय लैंगिक आहे, एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरीही २०० रुपये दंड झाला.

पुढे काय झाले?

कर्वे यांनी पदरमोड करून मासिक अखेरपर्यंत चालवले. ज्या प्रचारापायी त्यांची नोकरी गेली, तोच १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाच्या नावाने सरकारी कार्यक्रम झाला. पुढच्याच वर्षी कर्वे यांचे निधन झाले.