लक्ष्मीबाई टिळक : विरहानंतरचा संसार

लांजा तालुक्यातील कोट हे झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव. मनकर्णिका तांबे या घराण्याची सून होऊन राणी लक्ष्मीबाई झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दुसऱ्या एका घराण्याची सून झालेली लक्ष्मीबाईही माहेरची मनकर्णिकाच, हे मात्र आम्हांलाही फार उशिरा कळले. ती जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. जन्म १८६८ चा. १८८० मध्ये तिचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळकांचा जन्म दापोली तालुक्यातील करजगावचा.

टिळक कवी, विद्वान आणि मनाने अत्यंत उदार. परंतु संसाराच्या दृष्टीने या गुणांचा फारसा उपयोग नव्हता. नोकरी टिकत नसे, पैसा हाती राहत नसे आणि कधीकधी स्वारी न सांगताच घराबाहेर पडे. सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या मुलीने पतीविषयी जे चित्र मनाशी रंगविले असेल, ते पहिल्या काही वर्षांतच पुसले गेले असावे. याच पतीने तिला लिहावाचायला शिकविले, हेही सांगितले पाहिजे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या मुलाला घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या आणि सुमारे पाच वर्षे पतिपत्नी दूर राहिली. धर्मांतरित व्यक्तीचा जोडीदार सहवासास नकार देत असेल, तर न्यायालयातून विवाह रद्द करून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने दिली होती. संत पौलाच्या शिकवणुकीच्या आधारे आपल्या ख्रिस्तसभेतही अशा प्रसंगी मार्ग आहे. टिळकांनी दुसरा विवाह केला नाही. ते थांबले.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आरंभी त्यांनी आपले सोवळे सांभाळले, स्वयंपाकही वेगळा ठेवला. एका घरात दोन चुली! आज विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी येणारी जोडपी आवडीनिवडी जुळतात की नाही याचीच चिंता करतात, तेव्हा आम्हांला या घराची आठवण होते. पत्नी आपल्यामागोमाग त्याच वाटेने येईल, ही टिळकांची कल्पना त्या काळात त्यांना सोडावी लागली असणार. त्यांनी सक्ती केली नाही. जातिभेद मनुष्याने निर्माण केला आहे, हे लक्ष्मीबाईंना हळूहळू स्वतःच्या विचाराने पटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने टिळकांचा स्वभाव बदलला, असे कोणी समजू नये. घर अनाथांनी आणि पाहुण्यांनी भरलेले असे. खर्चाचा मेळ लक्ष्मीबाईंनी घालायचा. भांडणेही होत. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली, तेव्हा उतारवयात पत्नीला पुन्हा एकदा अनिश्चिततेला तोंड द्यावे लागले. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले.

हे दांपत्य कॅथलिक नव्हते, तरी आपल्या घरोघरी ‘स्मृतिचित्रे’ वाचले जावे असे आम्हांला वाटते. त्यात पतीची विक्षिप्तता झाकलेली नाही आणि त्याच्यावरची मायाही लपविलेली नाही. वाचताना हसू येते, आणि ती हसविणारी बाई किती सोसून बसली आहे हे मागाहून ध्यानात येते.

प्रभू येशूच्या जीवनावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांनी आरंभिले होते. सुमारे दहा अध्याय लिहून ते गेले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर प्रसिद्ध झाले.