थुंब्याचे अग्निबाण आणि डॉ. विक्रम साराभाई

वसतिगृहाच्या गच्चीवरून मुलांना आम्ही ग्रह दाखवीत होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले की, आमच्या वस्तीत अजून नळ आलेला नाही, मग सरकार अवकाशात पैसा का घालते? ज्या समाजाला शतकानुशतके पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. हाच प्रश्न ज्यांनी आयुष्यभर आपल्यापुढे ठेवला, त्या डॉ. विक्रम साराभाई यांचे चरित्र म्हणूनच येथे संक्षेपाने देत आहोत.

डॉ. साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे गिरणीमालक अंबालाल व सरलादेवी यांच्या पोटी झाला. संपत्ती आणि शिक्षणाची संधी त्यांना जन्मतःच लाभली होती, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. या अनुकूलतेचा विनियोग त्यांनी कसा केला, हे पाहणे आम्हास अधिक महत्त्वाचे वाटते. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. महायुद्धामुळे मायदेशी परतल्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९४७ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली.

१९६२ साली, डॉ. होमी भाभा यांच्या पाठबळाने, अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली व तिचे नेतृत्व साराभाईंकडे आले. अग्निबाण सोडण्यासाठी त्यांनी केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते. त्याच्या वर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. तेथपर्यंत फुगे पोहोचत नाहीत आणि उपग्रह त्याहून वरून फिरतात. तो मोजावयाचा तर अग्निबाणच हवा. म्हणूनच जगभरच्या शास्त्रज्ञांना थुंब्याचे आकर्षण होते.

ती जागा मोकळी मात्र नव्हती. तेथे घरे होती, सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्या संमतीने गावकऱ्यांनी जागा दिली आणि ते दुसरीकडे राहावयास गेले. त्या चर्चमध्येच शास्त्रज्ञांचे काम सुरू झाले. भारताच्या अवकाशयुगाचा इतिहास लिहिताना या मच्छीमारांचा वाटा विसरता येणार नाही.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण झेपावला. अग्निबाण अमेरिकेचा होता व त्यातील सोडियम बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे. सोव्हिएत संघाने संगणक व हेलिकॉप्टर पुरविले. शीतयुद्धाच्या त्या काळात परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले देश एका किनाऱ्यावर विज्ञानासाठी हातभार लावीत होते. २ फेब्रुवारी १९६८ रोजी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण करण्यात आले.

परकीय साहाय्य घेताना साराभाईंची दृष्टी शिकण्याची होती. आपले तरुण अभियंते त्यांनी अमेरिकेत प्रशिक्षणास पाठविले आणि स्वदेशी अग्निबाणांच्या निर्मितीस चालना दिली. १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा करार अमेरिकेशी झाला. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या स्पर्धेत गरीब देशाने उतरू नये, परंतु प्रगत तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या उपयोगी आणण्यात त्याने कोणाच्याही मागे राहू नये, अशी त्यांची धारणा होती.

या योजनेचे फळ पाहावयास ते राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, कोवलम येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून पोहोचले. त्यासाठी लागणाऱ्या तबकड्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीच्या होत्या. वर्षभराने अमेरिकेचा तो उपग्रह ठरल्याप्रमाणे परत गेला आणि पडदे बंद झाले. उसनवारीने आरंभ होतो, परंतु काम टिकवावयाचे तर साधन स्वतःचे लागते, हा धडा देशाने त्यातून घेतला. पुढे इन्सॅट उपग्रहांची मालिका उभी राहिली. आज मच्छीमारांना वादळाची पूर्वसूचना मिळते, त्यामागे याच परंपरेचे श्रम आहेत.

आपल्या पुणे जिल्ह्यातील आर्वीच्या उपग्रह भूकेंद्रास त्यांचे नाव आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या यानाचे नावही विक्रमच होते.

त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, त्याचा प्रश्न त्याने सोडू नये. अवकाशावरील प्रत्येक रुपया शेवटच्या वस्तीपर्यंत काय घेऊन आला, याचा हिशेब मागणे हा साराभाईंच्याच विचाराचा सन्मान आहे. वस्तीत नळ आलाच पाहिजे, आणि त्या वस्तीतील मुलगा-मुलगी अवकाश संस्थेच्या प्रयोगशाळेतही पोहोचली पाहिजेत. यांपैकी एकासाठी दुसऱ्यावर पाणी सोडण्याचे कारण नाही.