पद्मपूरचा महाकवी भवभूती : श्रमातच आनंद मानणारे जीवन

जैन धर्मात तपाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन विभाग सांगितले असून आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत स्वाध्यायाची गणना केली आहे. अध्ययन, मनन, चिंतन हे कुठल्या तरी लाभासाठी सोसावयाचे कष्ट नसून ते स्वतःच आत्म्याला उजळणारे कार्य आहे, असा त्यामागील भाव आहे. ज्याचे मन कार्यात रमले, त्याला फळाची वाट पाहण्याचे दुःख होत नाही. या सत्याचे दर्शन घडविणारे एक थोर जीवन आपल्याच गोंदिया जिल्ह्याच्या मातीशी जोडलेले आहे. ते म्हणजे संस्कृत नाटककार महाकवी भवभूती याचे जीवन.

भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत स्वतःच्या कुळाची माहिती दिली आहे. दक्षिणापथातील विदर्भ देशात पद्मपूर नावाचे नगर होते. तेथे काश्यप गोत्राचे, तैत्तिरीय शाखेचे, उदुंबर नावाने ओळखले जाणारे वेदाध्यायी ब्राह्मणांचे घराणे नांदत होते. सोमयाग करणाऱ्या या कुळात भट्टगोपाल नावाचे सत्पुरुष होऊन गेले. त्यांचे पुत्र नीलकंठ आणि नीलकंठ व जातुकर्णी या दांपत्याचा पुत्र भवभूती. श्रीकंठ असेही त्याचे नाव होते. ज्ञाननिधी नावाच्या गुरूंजवळ त्याचे अध्ययन झाले.

हे पद्मपूर म्हणजे आमगाव तालुक्यातील आजचे पदमपूर होय, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी (१८९३-१९८५) यांनी साधार मांडले. तत्कालीन दुर्ग जिल्ह्यात सापडलेल्या एका अपूर्ण वाकाटक ताम्रपटात पद्मपूरचा उल्लेख आहे आणि आमगावजवळच्या या गावी प्राचीन अवशेषही आहेत. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हा वारसा नव्या जिल्ह्याकडे आला. आमगावच्या भवभूती महाविद्यालयाने महाकवीचे नाव तरुण पिढीच्या ओठी ठेवले आहे.

भवभूतीचा काळ इसवी सनाच्या ८ व्या शतकाचा पूर्वार्ध मानला जातो. घराण्याच्या परंपरेप्रमाणे वेदपठण, यज्ञकर्म आणि शास्त्रचर्चा यांत त्याचे आयुष्य सुखेनैव गेले असते. विद्वान म्हणून मान मिळविण्यास तेवढे पुरेसे होते. परंतु त्याचे मन नाटकाकडे ओढले गेले. नटमंडळींशी त्याचा जिव्हाळ्याचा स्नेह होता आणि तो त्याने आपल्या प्रस्तावनेत मोकळेपणाने नमूद केला आहे. वेद, उपनिषदे, सांख्य, योग यांचे ज्ञान असूनही त्या ज्ञानाचा उच्चार केल्याने नाटकाला गुण येत नाही, हे त्याने स्पष्टपणे ओळखले होते. ही नम्रता साधी नव्हे. एका क्षेत्रातील प्रावीण्य बाजूला ठेवून दुसऱ्या क्षेत्रात विद्यार्थी म्हणून पाऊल टाकणे हे शिकण्याचाच आनंद असणाऱ्यालाच साधते.

भवभूतीची तीन नाटके आज उपलब्ध आहेत. बहुतेक अभ्यासकांच्या मते महावीरचरित हे पहिले, मालतीमाधव हे दुसरे आणि उत्तररामचरित हे अखेरचे. महावीरचरित या नावावरून हे भगवान महावीरांचे चरित्र असावे असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु येथे महावीर म्हणजे प्रभू रामचंद्र. सात अंकांच्या या नाटकात त्याने रामायणाची विस्तीर्ण कथा एका राजकीय डावपेचाच्या सूत्रात ओवण्याचा प्रयत्न केला. रावणाचा मंत्री माल्यवान हा कारस्थाने रचतो, मंथरेच्या रूपाने शूर्पणखाच कैकेयीच्या नावे वर मागते आणि वाली समोरासमोरच्या युद्धात पडतो, असे बदल त्याने केले. प्रयत्न धाडसाचा होता, परंतु दीर्घ वर्णने आणि भाषणे यांच्या भाराने नाटकाची गती मंदावली.

त्याची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या समुदायापुढे सादर झाली, असे प्रस्तावनांवरून दिसते. हे स्थान नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र सर्वांनीच त्याचे स्वागत केले नाही. मालतीमाधवाच्या प्रस्तावनेतून त्याला अवज्ञा सहन करावी लागल्याचे स्पष्ट होते. स्वाभिमानी, विद्वान कुळातील पुरुषाला हा अनुभव किती बोचला असेल, याची कल्पना करता येते. अशा वेळी मनुष्यापुढे दोन मार्ग असतात. लेखणी खाली ठेवावी, किंवा लोकांना रुचेल तेवढेच लिहावे. भवभूतीने यांपैकी एकही स्वीकारला नाही. काळ अनंत आहे आणि पृथ्वी मोठी आहे, तेव्हा आपल्यासारख्याच अंतःकरणाचा रसिक कधी ना कधी, कोठे ना कोठे जन्मेल, अशा आशयाचा विश्वास त्याने व्यक्त केला आणि तो पुन्हा कामास लागला.

मालतीमाधवात त्याने रामकथा सोडून दहा अंकांचे कल्पित प्रेमकथानक निवडले. कामंदकी ही वृद्ध बौद्ध परिव्राजिका त्यातील सूत्रे हलविते. पाचव्या अंकातील स्मशानाचे दृश्य संस्कृत रंगभूमीवर विलक्षण ठरले. तेथे अघोरघंट नावाचा कापालिक निरपराध मालतीला चामुंडेपुढे बळी देऊ पाहतो आणि माधव तिला सोडवितो. नरबळीसारख्या क्रूर प्रथेविषयी प्रेक्षकांच्या मनात तिटकारा उत्पन्न करणारे हे दृश्य अहिंसाधर्मीयांना विशेष भिडते. प्रेमकथा असूनही त्याने विदूषकाचे हुकमी पात्र टाळले. त्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. सोपे यश त्याला नको होते, हेच यावरून दिसते.

स्वतःचे काही श्लोक भवभूतीने एकापेक्षा अधिक नाटकांत योजले आहेत. एखादा सुतार हाताशी असलेले उत्तम लाकूड नव्या जागी बसवून पाहतो, तसे त्याने आपले शब्द पारखून पाहिले असावेत. या अखंड घडणीचे सर्वांत परिपक्व रूप म्हणजे उत्तररामचरित. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच आयुष्याची चित्रे पाहतात आणि लगेच सीतात्यागाचा प्रसंग ओढवतो. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी पंचवटीत आलेल्या शोकाकुल रामाला अदृश्य सीतेचा केवळ स्पर्श जाणवतो. सातव्या अंकात वाल्मीकींनी रचलेले नाटक गंगातीरी रंगते आणि त्या नाटकातील नाटकातून राम-सीतेचे पुनर्मीलन होते. पहिल्या नाटकातील पाल्हाळ येथे पुष्कळच निवळले आहे. करुणरसात भवभूतीचा हात धरणारा नाही, ही कीर्ती याच नाटकाने त्याला दिली.

पुढे कनौजचा राजा यशोवर्मा याच्या आश्रयास तो होता, असे १२ व्या शतकातील कल्हणाच्या राजतरंगिणीवरून समजते. त्याच सभेतील वाक्पतिराजाने गउडवहो या महाराष्ट्री प्राकृत काव्यात भवभूतीला सागराची उपमा देऊन आपल्या काव्यातील गुण त्या सागराचे थेंब मानले. हाच वाक्पतिराज जैन परंपरेला परिचित आहे. आचार्य प्रभाचंद्रांच्या प्रभावकचरितात बप्पभट्टिसूरींच्या चरित्रात त्याची कथा येते.

ज्या समानधर्मी रसिकाची भवभूतीने वाट पाहिली, तो एक नव्हे तर अनेक झाले. इ. स. ९०० च्या सुमारास महाराष्ट्रीय कुळातील राजशेखराने स्वतःला भवभूतीचाच अवतार मानले. ११ व्या शतकात क्षेमेंद्राने त्याच्या शिखरिणी वृत्ताची प्रशंसा केली. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्र यांनी मालतीमाधवाच्या धर्तीवर मल्लिकामकरंद हे प्रकरण रचले आणि गुणचंद्रांसह लिहिलेल्या नाट्यदर्पणात भवभूतीच्या नाटकांची उदाहरणे घेतली. १९ व्या शतकात परशुरामतात्या गोडबोले यांनी उत्तररामचरित मराठीत आणले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७६ मध्ये मालतीमाधव संपादित करून प्रसिद्ध केले.

यांपैकी बहुतेकांचे कौतुक भवभूतीच्या कानी पडणे शक्य नव्हते. त्याच्या वाट्याला आले ते लेखनाचे दिवस, नटांची सोबत, फसलेल्या रचनेतून शिकणे आणि अधिक चांगले लिहिण्याची ओढ. एवढ्यावर तो तृप्त राहिला, म्हणूनच अवहेलनेनंतरही त्याच्या हातून उत्तररामचरित घडले. त्याने केवळ टाळ्यांसाठी लिहिले असते, तर बहुधा मालतीमाधवही लिहून झाले नसते.

विद्यार्थी परीक्षेच्या निकालाकडे, व्यापारी वर्षअखेरच्या हिशेबाकडे आणि कार्यकर्ता सत्काराकडे डोळे लावून बसतो, तेव्हा मधले सारे दिवस ओझे होतात. त्याच दिवसांत अभ्यासाची, सचोटीची आणि सेवेची गोडी लागली, तर ते दिवसच जीवनाची कमाई ठरतात. संस्थांचेही असेच असते. पन्नास वर्षांचा टप्पा सुवर्णाचा होतो तो त्यामागील असंख्य साध्या दिवसांच्या निष्ठेमुळे. आमगाव परिसरातील प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी मुलाबाळांसह पदमपूरची वाट धरावी आणि महाकवीचे स्मरण करून आपापल्या कार्यास नव्या उमेदीने लागावे, हीच त्यास खरी आदरांजली ठरेल.