कुलाब्याचे नानाभॉय मूस

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात किंवा शेजारच्या डहाणू-तलासरीत सौम्य धक्का बसला, की काही वेळातच त्याची तीव्रता आकड्यात जाहीर होते. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्याला अशा आकड्यांची सवयच झाली. जमिनीच्या हालचालींची यंत्राने नोंद घेण्याचे काम मुंबईत मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी कुलाबा वेधशाळेत सुरू झाले. त्या वेळी वेधशाळेची सूत्रे नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस यांच्याकडे होती.

१८५९ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात जन्मलेल्या मूस यांनी पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीचे आणि पुढे एडिनबर्ग येथे विज्ञानाचे शिक्षण घेतले. १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्या निधनानंतर ते वेधशाळेचे संचालक झाले. या पदावरील ते पहिले भारतीय. शहरात प्लेग शिरला तोही याच वर्षी.

१२ जून १८९७ रोजी आसाम भीषण भूकंपाने हादरला. त्यानंतर कोलकाता, मुंबई आणि कोडाईकनाल येथे जॉन मिल्न यांच्या बनावटीचे भूकंपमापक बसविण्यात आले. आडव्या लंबकाची हालचाल प्रकाशकिरणाच्या साह्याने छायाचित्रणाच्या कागदावर उमटत असे. दूरच्या मोठ्या भूकंपांच्या संथ लहरी हे यंत्र टिपत असे. सह्याद्रीतील एखादा बारीक हादरा त्याच्या आवाक्यातला नव्हता.

मूस यांची खरी कसोटी लागली ती वेगळ्याच कारणाने. मुंबईत विजेवरची ट्राम आणण्याचे ठरले. तिच्या विद्युतप्रवाहाने कुलाब्याची चुंबकमापक यंत्रे बिघडणार आणि १८४१ पासूनची नोंदमाला तुटणार, हे उघड होते. अशी माला एकदा खंडित झाली की मागचे आकडे पुढच्यांशी ताडून पाहता येत नाहीत. मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतीसाठी पोरबंदरचा चुंबकीय गुणधर्म नसलेला दगड आणला गेला. लोखंड कटाक्षाने टाळले. मात्र, नवी जागा तयार होताच त्यांनी जुनी बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे घेतली आणि दोन ठिकाणांतील फरक निश्चित केला. विजेची ट्राम धावली ती मे १९०७ मध्ये. मुंबईकरांना तिचे कौतुक; अलिबागच्या या खटाटोपाची खबर फार थोड्यांना असावी.

१८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदींचे त्यांनी केलेले विश्लेषण १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. ते १९१९ मध्ये निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोयनेचा भूकंप त्यानंतर ३१ वर्षांनी झाला. पालघरच्या धक्क्यांचे केंद्र आणि खोली नेमकी कळावी म्हणून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांना त्या परिसरातच यंत्रे नेऊन बसवावी लागली. अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून तेथील नोंदी अद्याप सुरू आहेत.