वारीला शिस्त देणारे हैबतबाबा

रिसोड तालुक्यातील केनवड परिसराला पंढरीची वारी नवीन नाही. शेगावच्या संत गजानन महाराजांची पालखी मालेगाव, शिरपूर, रिसोड या मार्गानेच पंढरपूरला जाते. पुढे अश्व, मागे पताकाधारी आणि टाळकरी, ठरलेले मुक्काम... या शिस्तीचे मूळ शोधू गेल्यास आळंदीच्या हैबतबाबा आरफळकरांपाशी थांबावे लागते.

सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतराव ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. परंपरा सांगते, की संपत्ती घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटून गुहेत कोंडले. तेथे त्यांनी हरिपाठाचा धावा केला. कोंडवासातच नायकाला पुत्र झाला आणि आनंदाच्या भरात त्याने त्यांना सोडून दिले. सुटका झाली, पण हैबतराव घरी गेलेच नाहीत. वाचलेला जन्म माउलींचा, असे मानून ते आळंदीत राहिले.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या सोहळ्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र जात. पुढे देहूकरांत वाद झाले. तेव्हा १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींची स्वतंत्र पालखी काढली. निर्णय सोपा नव्हता. दीडशे वर्षे जोडीने चाललेली नावे वेगळ्या वाटांनी न्यायची होती. आज तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर, अकलूजकडून येते, तर माउलींची दिवेघाट चढून सासवडला सोपानदेवांच्या गावी उतरते. मग जेजुरी, वाल्हे, नीरेचे स्नान, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर. वाखरीला पालख्या भेटतात आणि सारे मिळून पंढरीत शिरतात. चंद्रभागेचे स्नान व एकादशीची नगरप्रदक्षिणा झाली, की वारी पोहोचली.

सरदारकीचा अनुभव येथे कामी आला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू व नैवेद्याची व्यवस्था केली; खंडोजीबाबा वासकरांसारख्या फडकऱ्यांची साथ मिळाली. दिंड्यांचा क्रम लागला. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच हजारोंचा समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. लष्करी छावणीचीच ही शिस्त, फक्त शस्त्रांच्या जागी वीणा आणि मृदंग!

हैबतबाबांनी १८३६ मध्ये देह ठेवला. आळंदीच्या महाद्वारातील पहिल्या पायरीशी त्यांची समाधी आहे. कार्तिकी सोहळ्याचा प्रारंभ आजही याच पायरीच्या पूजनाने होतो.