श्रीमंत नानासाहेब पेशवे : ज्यांची तिथी कुणास ठाऊक नाही

भगिनींनो, घरचे माणूस गेले म्हणजे आपण त्याची तिथी धरतो. त्या दिवशी पान वाढतो, आठवण काढतो. आपल्या किष्टापूरचे वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांचा दिवस ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, म्हणून तेथे जाऊन फूल वाहता येते. त्याच धामधुमीत इंग्रजांशी लढलेले नानासाहेब पेशवे मात्र असे नाहीसे झाले, की त्यांचा शेवट आजवर कुणास नक्की सांगता आलेला नाही.

नानासाहेबांचा जन्म १८२४ साली कर्जतजवळच्या वेणगावी झाला. वडील माधवराव भट, आई गंगाबाई. घरची स्थिती साधारणच होती. दुसऱ्या बाजीरावांचे राज्य १८१८ साली गेले होते आणि ते कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्तास राहात होते. त्यांना पुत्र नव्हता. त्यांनी १८२७ साली या लहान मुलास दत्तक घेतले. कोकणातले मूल असे पेशव्यांच्या घरात वाढले.

बाजीरावांना कंपनी सरकार सालीना आठ लाख रुपये देत असे. १८५१ साली ते वारले आणि कंपनीने ही नेमणूक बंद केली. नानासाहेबांनी अर्ज केले, अजीमुल्लाखानांस विलायतेला धाडले. उपयोग झाला नाही.

जून १८५७ मध्ये कानपुरास शिपाई उठले आणि नानासाहेब त्यांचे पुढारी झाले. थोड्या दिवसांसाठी पेशव्यांचा अंमल पुन्हा बसला. पण याच कानपुरात एक फार वाईट गोष्ट घडली. बिबीघर नावाच्या घरात कैदेत ठेवलेल्या सुमारे दोनशे इंग्रज बायकामुलांची जुलै महिन्यात कत्तल झाली. हुकूम कोणी दिला यावर इतिहासकारांचे एकमत नाही. आपण बायका आहोत, तेव्हा ही गोष्ट झाकून चरित्र सांगू नये. त्यानंतर इंग्रजांनीही गावेच्या गावे जाळली आणि असंख्य लोकांना झाडांना टांगले, हेही तितकेच खरे.

इंग्रज फौज कानपुरात शिरली आणि नानासाहेब निघाले. त्यांना धरून देणारास एक लाख रुपयांचे इनाम लागले. १८५९ च्या आरंभी ते बायकामाणसांसह नेपाळच्या तराईत शिरले. दाट जंगल, दलदल आणि हिवताप. जंगल आणि हिवताप म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. त्याच साली सप्टेंबरात ते तापाने वारले अशी खबर आली. पण ओळख पटवून दिलेला देह इंग्रजांपुढे आला नाही, म्हणून त्यांचा शोध चालूच राहिला.

पुढे वर्षानुवर्षे नानासाहेब सापडल्याच्या वावड्या उठत राहिल्या आणि कित्येक साधू-बैरागी संशयावरून धरले गेले. १८७४ साली ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी एका माणसास पकडून इंग्रजांच्या हवाली केले. त्याला ओळख पटविण्यासाठी कानपुरास नेले, पण ओळख पटली नाही. ते सौराष्ट्रात सिहोरला राहिले असे कोणी मानतात, तर कोणी नैमिषारण्यात म्हणतात.

या सगळ्यात त्यांच्या पत्नी काशीबाईंचा विचार कोण करतो? जंगबहादुरांच्या आश्रयाने त्या काठमांडूस राहिल्या. घरचा नवलखा हारसुद्धा जंगबहादुरांना विकला गेला. जगाला नानासाहेबांचे कोडे पडले, पण परक्या मुलखात दिवस काढणे काशीबाईंच्या वाट्याला आले. १८५८ पासून अंदमानच्या बेटावर काळ्या पाण्यास पाठविलेल्यांच्या घरीही असेच वाट पाहणे उरले होते.

बारा वर्षे वार्ता नसेल तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, असा जुना विधी आहे. आजचा कायदा सात वर्षे वार्ता न लागल्यास माणूस मृत धरू देतो. शास्त्राने आणि कायद्याने अशी सोय केली ती मागे राहिलेल्यांसाठी. मिरची तोडायला तेलंगणात गेलेला कुणाचा माणूस परतला नाही, तर त्या घरच्या बाईला कुंकवावरून विचारू नये, ऐकीव बातम्या तिच्या दारी नेऊ नयेत. तिच्यासोबत ठाण्यात जाऊन नोंद करून द्यावी, म्हणजे पुढे कागदाला आधार राहील. एवढे आपल्या मंडळाला सहज करता येईल.

कानपुरात बिबीघराजवळची ती विहीर ज्या बागेत होती, त्या बागेला स्वातंत्र्यानंतर नानाराव पार्क हे नाव मिळाले. तिथी ठाऊक नसलेल्या त्या पेशव्यांना आणि वाट पाहात राहिलेल्या काशीबाईंना आमच्या मंडळातर्फे नमस्कार.