हजार हत्ती आणि सात मिलिमीटरची गोळी

जिम कॉर्बेट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेतच वाचलेला असतो. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी रायफल आणि त्याच रायफलने १९२६ साली टिपलेला रुद्रप्रयागचा बिबट्या, हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच काडतुसाने आफ्रिकेत एका माणसाने शेकडो हत्ती मारले, हे वाचलं तेव्हा मी उडालोच! बिबट्या ठीक आहे हो, पण पाच टनांचा हत्ती? मेकॅनिकलच्या पोराला हे सहजासहजी पचत नाही. म्हणून मी त्या माणसाच्या मागे लागलो.

वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल हे त्याचं नाव. जन्म १८८० चा, स्कॉटलंडमधला. आईवडील लहानपणीच गेले. शाळेत मन रमेना, तेव्हा पोरगा सरळ जहाजावर कामाला गेला. सतराव्या वर्षाच्या आसपास आफ्रिकेत पोचला. तिथे युगांडा रेल्वेचं काम चालू होतं. मजूर बहुतेक आपल्या हिंदुस्थानातले, आणि सिंहांचा त्रास भयंकर. त्या सिंहांचा बंदोबस्त करायचं काम बेलला मिळालं. पुढे सोन्याच्या नादाने तो कॅनडातल्या क्लोंडाइकला गेला, तिथे शिकार करून खाणवाल्यांना मांस पुरवलं. मग बोअर युद्धात कॅनडाच्या फौजेतून पुन्हा आफ्रिका गाठली. युद्ध संपल्यावर १९०२ साली तो युगांडाच्या ईशान्येकडच्या करामोजा भागात हस्तिदंतासाठी शिरला. म्हणूनच तो ‘करामोजो बेल’.

त्या काळी हत्तीसाठी म्हणजे मोठ्या बोअरची दुनळी रायफल, असा शिरस्ता होता. उदाहरणार्थ .५७७ नायट्रो एक्स्प्रेस. गोळी साधारण ४८.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६२५ मीटर. आपलं नेहमीचं सूत्र लावा, ऊर्जा येते सुमारे साडेनऊ हजार ज्यूल. बेलची ७ मिलिमीटरची गोळी ११.२ ग्रॅमची, वेग ७०० मीटर, ऊर्जा जेमतेम पावणेतीन हजार. एक तृतीयांशसुद्धा नाही!

पण खरी गंमत पुढे आहे. गोळीचं वजन तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागून बघा. मोठ्या गोळीचं उत्तर दर चौरस मिलिमीटरला ०.२८ ग्रॅम, छोटीचं ०.२७. म्हणजे जवळपास सारखंच! हीच ती सेक्शनल डेन्सिटी. शिवाय बेल वापरायचा ती गोळी गोल नाकाची, पूर्ण धातूच्या कवचातली. ती आत गेल्यावर फुलत नाही, फाटत नाही, सरळ घुसत जाते. हत्तीची कवटी दिसते अवाढव्य, पण आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळ हाडं असतात, आणि मेंदू त्यात मागच्या बाजूला, खालच्या अंगाला. तिथवर पोचायला छोटी गोळी पुरते. फक्त तो मेंदू नेमका कुठे आहे हे माहीत पाहिजे.

बेलने ते शिकून घेतलं. हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून त्याने मेंदूची जागा पाहिली. निरनिराळ्या कोनांतून नेम कुठे धरायचा याचा अभ्यास केला. मागून तिरका मारायचा नेम तर आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. छोट्या काडतुसाचे बाकीचे फायदेही होतेच: खांद्याला धक्का कमी, त्यामुळे घोडा ओढताना हात दचकत नाही; रायफल हलकी, दिवसभर पायपीट करता येते; आणि एकापाठोपाठ चार-पाच गोळ्या हाताशी.

पहिल्या महायुद्धात बेल वैमानिक झाला, मिलिटरी क्रॉस मिळवला. नंतर स्कॉटलंडला परतून त्याने पुस्तकं लिहिली, त्यातली चित्रंही स्वतः काढली. १९५४ साली तो वारला. त्याच्या नोंदीप्रमाणे त्याने १,०११ हत्ती मारले, त्यातले बहुसंख्य या ७ मिलिमीटरनेच.

आता कोणी म्हणेल, मग हेच काडतूस हत्तीसाठी पुरेसं! इथेच घोटाळा आहे. बेलला बहुतेक वेळा मोकळं रान आणि निवांत उभे हत्ती मिळाले, आणि नेम तर हजारात एक. दाट झाडीत हत्ती अंगावर आला आणि गोळी मेंदूला चुकली, तर मोठी गोळी निदान त्याला हादरवते. छोटी हादरवत नाही. मग माणूस जातो, किंवा हत्ती जखमी होऊन दिवसेंदिवस तडफडत फिरतो. म्हणूनच आफ्रिकेतल्या अनेक देशांनी मोठ्या जनावरांसाठी .३७५ हे किमान काडतूस कायद्याने ठरवलं. डिझाइन नेहमी साध्या माणसासाठी आणि वाईट दिवसासाठी करायचं असतं. आपल्या फॅक्टर ऑफ सेफ्टीचा अर्थ दुसरा काय आहे?

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. हे सगळं अचूक गणित चाललं होतं ते पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डच्या चेंडूंसाठी. काडतूस पुरेसं आहे का, हे बेलने बारकाईने तपासलं. हत्ती पुरतील का, हे तेव्हा कोणी तपासलं नाही. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, केनियाने १९७७ साली शिकारच बंद केली. करामोजातल्या किडेपो खोऱ्यात १९६२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे हत्ती अजून आहेत, हे वाचून मला बरं वाटलं.